येसू? हाय!

जोमा तांडेल झाडावर चढला की पहिला घाव घालण्याआधी वरून एक हाक मारायचा, "येसू?" खाली ज्याच्या हातात त्याची दोरी असेल त्यानं लगेच "हाय!" म्हणायचं. उत्तर आलं नाही तर कोयता हलायचा नाही. उत्तर पुटपुटल्यासारखं आलं तरी हलायचा नाही. आणि "आहे" असं आलं तर मुळीच नाही. हे शेवटचं मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी शाळेत मराठी शिकवायची आणि पहिल्या दिवशी आमच्या आंब्याखाली उभं राहून मी स्वच्छ, शुद्ध "आहे!" म्हटलं होतं.

वर सगळं शांत. मग पानांतून तांडेलचं तोंड बाहेर आलं.

"बाय, आहे नको. हाय बोल."

"अहो तांडेल, अर्थ तोच ना?"

"अर्थ तोच आसंल. पन मी कापनार नाय."

आंब्याची फांदी स्वयंपाकघराच्या कौलांवर टेकली होती, पावसाळा तोंडावर आला होता. पोरांच्या वहीत 'हाय' दिसलं की लाल रेघ मारणारी मी, भर अंगणात "हाय!" म्हणून ओरडले. शेजारच्या खिडक्या उघडल्या. वर कोयता खणखणू लागला.

त्या वेळी नवीन पनवेल वसत होतं. खांदा कॉलनीकडे रोज नवी इमारत उभी राहायची आणि तिथं झाडं म्हणजे कुंपणातली रोपटी. आम्ही जुन्या पनवेलमधले, तळ्याजवळच्या बैठ्या घरांच्या ओळीतले. आमच्याकडे माणसांपेक्षा झाडं जास्त. आंबे, फणस, नारळ, एक भलंमोठं जांभूळ. या सगळ्यांची हजामत तांडेलकडे होती. बेलपाड्याहून तो सायकलवर यायचा. हँडलला कोयता, मागं करवत आणि गळ्यात दोरीचं भेंडोळं. ते भेंडोळं तो सायकलला कधीच अडकवायचा नाही.

तांडेल मूळचा कोळी, उरणकडच्या खाडीवरचा. होडीवर असताना डोलकाठीवर चढायला त्यालाच पाठवत, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्याचं सगळं सामानही होडीवरचंच. दोरी नांगराची, डांबराचा वास येणारी. कमरेचा पट्टा जुन्या शिडाच्या कापडाचा, घड्यांवर घड्या घालून शिवलेला. पट्ट्याला मागं लाकडी आकडी, तिच्यात कोयता अडकवायचा. नारळावर चढताना पायात काथ्याचा वेढा. दोरीचं एक टोक त्याच्या कमरेला, मध्ये ती वरच्या भक्कम बेचक्यातून घेतलेली, आणि दुसरं टोक खाली खोडाला वेढे देऊन आपल्या हातात. पाय घसरला तर आपण धरायचं. हाताखाली गडी तो ठेवत नसे. "दोरी घरच्या मानसानं धराची," असा त्याचा कायदा.

त्यातही आमच्या घरी त्याला मीच लागायची. आमचे हे चांगले दणकट. पण ह्यांनी दोरी हातात घेतली की तांडेल मान हलवायचा, "नाय." मला वाटायचं, माझ्या पकडीवर त्याचा विश्वास आहे. हे म्हणायचे, "पकड कसली? तुझा वर्गातला आवाज कर्नाळ्याच्या सुळक्यापर्यंत जातो, म्हणून."

आता तांडेलचा दुसरा विक्षिप्तपणा. जमिनीवर असताना त्याच्याकडे शब्द दोनच, हाय आणि नाय. चहा घेणार? हाय. साखर? नाय. मुलंबाळं? नाय. पण पाय जमिनीवरून सुटले की त्याची जीभही सुटायची. वरून त्याला आख्खी आळी दिसायची आणि जे दिसेल ते तो जाहीर करायचा.

"बाय, तुजे पापड कावल्यानं नेले!"

"कर्नाल्याचा आंगठा सोच्छ दिसतंय, आज पानी नाय!"

"दामलेकाका विहिरीमागं जिलबी खातान!"

ही शेवटची बातमी आमच्या फणसावरून फुटली. शेजारच्या दामलेकाकांना डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं. काकू लाटणं हातात घेऊनच विहिरीकडे निघाल्या, आणि तांडेल वरून त्यांना वाट सांगत होता, "डावीकडं काकू, तो पलतंय!" काका त्यानंतर बरेच दिवस तांडेलशी बोलले नाहीत. पण त्यांचे नारळ पिकून डोक्यावर पडायच्या बेताला आले तेव्हा झक मारत बोलले.

याच काकांनी तांडेलला एकदा लटकवलंही होतं. काम संपलं, तांडेलला उतरायचं होतं. तो वरून म्हणाला, "सोड." वारा होता. काकांना ऐकू आलं "ओढ." त्यांनी बिचाऱ्यांनी सगळा जीव लावून ओढली. तांडेल फांदीवरून उचलला गेला आणि बेचक्याला जाऊन भिडला. तो जितक्या जोरात "सोड, सोड" म्हणे, तितके काका इमानेइतबारे ओढत. शेवटी काकू ओसरीवर आल्या, नुसतं "अहो" म्हणाल्या, आणि काकांचे हात ढिले पडले. त्या दिवसापासून तांडेलनं 'ओढ' आणि 'सोड' हे दोन्ही शब्द कामातून काढून टाकले. ओढायचं तर 'खेच', सोडायचं तर 'ढील'. 'येसू' मात्र कायम राहिला.

या येसूवरून आळीत मतभेद होते. दामलेकाकांचं म्हणणं, तांडेल गुपचूप ख्रिस्ती झालाय आणि जीव धोक्यात घालताना येशूचं नाव घेतो. मी भाषेची बाई. माझं मत, हा दर्यावर्दी लोकांचा शब्द, पोर्तुगिजांकडून आलेला, अर्थ 'सावधान'. हे मी वर्गातही ठोकून दिलं होतं. आमचे हे म्हणाले, "त्यालाच विचार की." मी विचारलं. तांडेल दोरी गुंडाळत होता.

"तांडेल, येसू म्हणजे काय हो?"

"हाय," तो म्हणाला आणि भेंडोळं गळ्यात घालून निघून गेला.

असं सुखात चाललं होतं. मग एका वर्षी उन्हाळ्यातल्या वावटळीत जांभळाची मोठी फांदी मोडून रस्त्यावर पडली. कुणाला लागलं नाही, पण आमच्या सोसायटीचे नवे सेक्रेटरी सावंत हादरले. सावंत कारखान्यात इंजिनियर, माणूस सज्जन आणि काळजीवाहू. त्यांनी तांडेलसाठी पदरच्या पैशानं नवं सामान आणलं. पिवळं हेल्मेट, नायलॉनचा जाड पट्टा, त्याला स्टीलचा हुक. हुक फांदीभोवती अडकवला की माणूस पडणार नाही, खाली दोरी धरायला कुणी नको. आणि नियम असा, की काम चालू असताना झाडाखाली एकही माणूस उभा राहणार नाही.

नियम बरोबरच होता. इतकी वर्षं आम्ही कोयत्याखाली उभे राहत होतो याचंच खरं तर नवल. सावंतांनी तांडेलला स्पष्ट सांगितलं, "हे घालून काम केलंत तर ओळीतली सगळी झाडं तुमचीच. नाहीतर मोटारच्या करवतीवाला माणूस तयार आहे. मला रिस्क घेता येणार नाही."

तांडेलनं पट्टा उलटासुलटा करून पाहिला. हुक दाबून पाहिला. मला वाटलं, आता "नाय" म्हणतो आणि जातो. आमची झाडं आता दुसऱ्याच्या हातात जाणार. पण ती झाडं त्याच्याही हातची होती. तो "हाय" म्हणाला.

रविवारी सकाळी जांभळाचं काम. सावंतांनी आम्हा सगळ्यांना आपापल्या फाटकात उभं केलं. तांडेल पिवळं हेल्मेट घालून चढला. हेल्मेट सारखं डोळ्यांवर यायचं. नांगराची दोरी त्यानं खाली बुंध्याशी ठेवली होती. वर पोचून त्यानं हुक लावला. कोयता हातात घेतला आणि हाक मारली.

"येसू?"

खाली कुणीच नव्हतं. आम्ही सगळे फाटकांत, आणि काय करायचं ते कुणालाच समजेना.

"येसू?"

कोयता आकडीत परत गेला. तांडेल फांदीवर बसून राहिला. बातमी नाही, कर्नाळा नाही, काही नाही. झाडावर गप्प बसलेला तांडेल आम्ही प्रथमच पाहत होतो.

सावंत म्हणाले, "तांडेल, हुक लागलाय ना? मग अडलंय कुठं?"

"हुक लागलाय, सायेब."

"मग कापा की! हा येसू कोण?"

आणि तांडेल बोलला. झाडावर होता म्हणून बोलला, आणि वरून बोलायचं म्हणून मोठ्यानं बोलला. सगळ्या आळीला ऐकू गेलं.

"माजी बायको, सायेब! लगीन झालं तवा मी बोटीवर व्हतो. ती बोलली, दर्यावर तुला धराला मी नाय. दर्या सोड. झाडावर चढ, पन दोरी माज्या हातात. मी सोडला दर्या. आमी दोगं काम कराचो. मी वरशी हाक माराचो, येसू? ती खालशी बोलाची, हाय! मंग काविलीत गेली ती. आता हुक धरंल मना, नाय कशाला बोलू. पन हुक बोलत नाय ना!"

दामलेकाका चष्मा पुसत राहिले. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. माझे पोर्तुगीज कुठल्या कुठे बुडाले, आणि मला एकदम खूप रडू आलं. पण रडून फांदी कापली जाणार नव्हती. मी फाटकाच्या गजाला धरलं आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा आवाज लावला.

"हाय!"

वर पानं हलली. हेल्मेट सरळ झालं. आणि कोयत्याचा पहिला घाव पडला.

त्या दिवशी पुढच्या प्रत्येक फांदीला हाक आली आणि प्रत्येक हाकेला आम्ही उत्तर दिलं. कधी मी, कधी काकू, कधी काका. काकांनी एकदा "येशू" डोक्यात ठेवून हातही जोडले. दुपारी सावंतांनी स्वतः घसा खाकरून "हाय" म्हटलं. वरून दुरुस्ती आली, "सायेब, जरा मोट्यानं!" सावंतांनी नियमात भर घातली, की काम चालू असताना एका माणसानं फाटकात उभं राहून उत्तर देत राहावं.

संध्याकाळी तांडेल आमच्या पायरीवर चहाला टेकला. पट्टा काढून ठेवला होता, नांगराचं भेंडोळं गळ्यात परत आलं होतं. जमिनीवर होता, तेव्हा पुन्हा मुका. मीच बोलले.

"तांडेल, आवाज गोड असेल हो येसूचा."

"नाय," तो म्हणाला आणि हसला.

"मग? माझ्यासारखा होता की काय, खणखणीत?"

"हाय."

हे आतून खोकले. मी तिकडे लक्ष दिलं नाही. इतकी वर्षं दोरी धरायला मीच का लागायची, ते आता कळलं होतं. मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला आणि विचारलं, "अजून येतो ऐकू तिचा आवाज?"

तांडेलनं कप खाली ठेवला. जांभळाकडे वर पाहिलं. मग भेंडोळ्यावरून एकदा हात फिरवला.

"हाय," तो म्हणाला.