मुकादमसरांचं सचित्र इंग्रजी

मुकादमसर वर्गात आले की हजेरीच्या आधी फळ्यावर एक नाक काढत. नाक कुणाचं, ते त्यांनाही नंतरच कळायचं.

महाडच्या कॉलेजात आम्हा केमिस्ट्रीवाल्यांना ते कारखान्यात लागणारं इंग्रजी शिकवत. आम्ही वरंध-पोलादपूरकडची पोरं, इंग्रजी म्हटलं की मागचा बाक गाठायचो. सरांचं एकच म्हणणं, "आधी बघ, मग बोल!" 'करोझिव्ह' म्हणजे काय? तर ॲसिडचा एक थेंब ऐटीत बसून शिपायाची पँट खातोय, गुडघ्यापर्यंत पोचलाय. 'व्होलाटाइल' म्हणजे बाटलीचं बूच उघडं राहिलं आणि आतले पाहुणे चहा न घेताच उडाले. आजही कारखान्यात पिंपावर तो शब्द दिसला की मला ते पाहुणेच दिसतात.

एकदा 'प्रेशर' शिकवताना सरांनी कुकर काढला. त्याला मिशा प्राचार्यांच्या, आणि नेमके प्राचार्यच दारात!

"हा कोण?"

"सर, सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेला एक गृहस्थ," मुकादमसर म्हणाले.

शेजारचा गण्या पुटपुटला, "आता फुटतोय रे!" पण प्राचार्य मिशीतल्या मिशीत हसले आणि निघून गेले.

एक दिवस सर आलेच नाहीत. कधी रजा न घेणारा माणूस! काळजीनं गण्या आणि मी चवदार तळ्यामागच्या त्यांच्या घरी गेलो. सर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पाटीवर चित्र काढत होते. आत त्यांची बायको, आमची चाची, पाठ फिरवून भाकऱ्या थापत होती.

"बरं नाय का, सर?" गण्यानं विचारलं.

"मी ठणठणीत आहे. काल नाते गावी लग्नाला गेलो, हिला न्यायचंच विसरलो. रिक्षातून उतरल्यावर आठवलं. आमच्या लग्नानंतर तापात हिचे कान गेले. लिहायला-वाचायला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून आमचं बोलणं चित्रांतच. भांडणसुद्धा. सकाळपासून काढतोय, बघतच नाय. हिला असं सोडून कॉलेजात कसा येऊ?"

पाटीवर रिक्षात ऐटीत बसलेलं गाढव होतं, डोळ्यांवर सरांचाच चष्मा. सरांनी पाटी हळूच परातीशेजारी सरकवली.

चाचीनं तिरप्या नजरेनं पाहिलं. हसली नाही. पीठ लागलेल्या बोटानं तिनं रिक्षात गाढवाशेजारच्या रिकाम्या जागेवर एक छोटीशी बाई काढली.