आधी दोन लावा

‘आधी दोन लावा’ अशी चिठ्ठी नानांनी टेलिफोनच्या वरच्या भिंतीवर सकाळी आठ वाजता चिकटवली. ती तिरकी लागली म्हणून काढली आणि सव्वाआठला पुन्हा चिकटवली. आजपासून गावातल्या प्रत्येक पाच आकडी नंबराआधी दोन लावायचा, असं टेलिफोन खात्याने जाहीर केलं होतं. आदल्या दिवशीच नानांनी वहीतल्या एकूण एक नंबराआधी लाल शाईने दोन लिहून काढला होता. हुकूम दोन जागी पाळावा, एकदा वहीत आणि एकदा भिंतीवर, हे त्यांच्या हेडक्लार्क वडिलांनी दोन्ही मुलांना कान पिळून शिकवलं होतं.

त्यातला थोरला मुलगा म्हणजे दादा. चार वर्षांपूर्वी दादांनी नानांची शिडी नेली ती परत केली नाही, आणि नानांनी ते चारचौघांत बोलून दाखवलं. तेव्हापासून अबोला. आज मात्र दादा चार वाजता हॉस्पिटलात भरती होणार होते. उद्या हृदयाचं ऑपरेशन.

“तीन वाजले. आता तरी बोला,” बायको म्हणाली. “नाहीतर सरळ त्यांच्या घरी जा.”

“घरी जाणं म्हणजे पूर्ण हार. फोन म्हणजे अर्धी.”

नानांनी चिठ्ठी वाचून दोन फिरवला, मग वहीत बघून दादांचा नंबर फिरवला.

“हॅलो,” एका बाईचा आवाज आला. “लवकर बोला, तोंडात टाचण्या आहेत.”

“दादा आहेत का?”

“राँग नंबर.”

नानांनी पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई.

“दादाने फोनवर बाई बसवलीय!” नाना बायकोला म्हणाले. “मला टाळायला!”

“भलतंच काय! आपला फोनच बिघडला असेल. आपल्याच नंबरावर लावून बघा. एंगेज लागला तर धड आहे.”

नानांनी वहीच्या पहिल्या पानावरचा स्वतःचा नंबर चिठ्ठीसकट फिरवला. एंगेज लागला नाही. पलीकडे टाचण्यावाली बाई आली.

नानांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि वाकून आतल्या खोलीत पाहिलं. मग हळूच विचारलं, “बाई, तुम्ही आमच्या घरात नेमक्या कुठे आहात?”

“मी माझ्या शिलाईच्या मशीनवर आहे, काका! सकाळपासून आणखी एक तुमच्यासारखेच छळतायत. ‘नान्या आहे का, त्याने फोनवर बाई बसवलीय का,’ म्हणून.”

नाना एकदम खुर्चीत बसले. चार वर्षांत त्यांना कुणी नान्या म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकून त्यांनी रिसीव्हरमध्येच मोठ्याने नाक शिंकरलं.

“रडू नका हो. तुम्ही फिरवता तरी काय?”

“चिठ्ठीतला दोन. मग वहीतला आमचाच नंबर, दोन, चार, एक, सात, तीन, पाच.”

“हे सात झाले! यंत्र सहा आकडे ऐकतं आणि जोडून मोकळं होतं. सातवा कितीही जोरात फिरवा. दोन, दोन, चार, एक, सात, तीन. हा माझा नंबर!”

दोघा भावांनी फोन एकाच दिवशी घेतले होते, त्यामुळे नंबरांत फरक होता तो फक्त शेवटच्या आकड्याचा. नेमका तोच यंत्राच्या कानात शिरत नव्हता. आणि वडिलांनी कान दोघांचेही पिळले होते.

नानांनी चिठ्ठी टराटरा फाडली आणि नुसता वहीतला नंबर लावला. एंगेज. पुन्हा एंगेज. साडेतीन झाले, पावणेचार झाले. शेवटी त्यांनी शिलाईवाल्या बाईंनाच लावला. एव्हाना तो नंबर पाठ झाला होता.

“एंगेज लागणारच!” बाई म्हणाल्या. “मघाशी त्यांचाही फोन आला, त्यांनाही समजावलं. आता ते तुम्हाला लावतायत आणि तुम्ही त्यांना. कुणीतरी एकाने थांबा.”

“मी धाकटा. मीच करायला हवा.”

“ते म्हणतात, मी थोरला, मीच करणार. तुम्ही फोन ठेवा आणि गप्प बसा!”

नानांनी फोन ठेवला. चाराचे ठोके पडले, पण फोन वाजला नाही. नानांनी चष्मा काढून ठेवला. “गेला गं तो,” ते बायकोला म्हणाले. “अर्धी हार पत्करली, तीही उशिरा.”

तेवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. टपावर शिडी बांधलेली होती, आणि खिडकीतून दादांचं डोकं बाहेर आलं होतं.

“नान्या! मेल्या, तासभर फोन एंगेज! भरती व्हायचंय मला! ही घे तुझी शिडी!”

नाना दोन्ही पायांत वेगवेगळ्या चपला घालून जिना उतरले. शिडी उतरवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. ते दादांच्या शेजारी जाऊन बसले आणि दार लावून घेतलं.

इकडे फोन वाजला. बायकोने उचलला.

“मी शिलाईवाली. आता माझ्यानेच राहवेना,” बाई म्हणाल्या. “बोलले का हो दोघं?”

बायकोने खिडकीतून पाहिलं. टॅक्सी अजून जागची हलली नव्हती. आत एक हात वर जात होता, मग दुसरा.

“शिडीची एक पायरी मोडलीय. त्यावरून भांडतायत.”

“मग झालं,” असं म्हणून बाईंनी टाचण्या तोंडात धरल्या आणि फोन ठेवला.