चार नंबरचा शिक्का

आहेरआबा चहा पिण्याआधी कप ऐकत. रिकामा कप कानाशी धरून नखाने टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर चहा ओतू द्यायचा, बसका आवाज आला तर कप नापास. सातपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये चहावाल्याचे सहा कप त्यांनी असे बाद केले होते.

"आबा, चहाच प्यायचाय, कप आकाशात नाही सोडायचा," चहावाला वैतागायचा.

"भेग ती भेग," आबा म्हणायचे. त्यांच्या बाजूने विषय संपलेला असायचा.

मी तिथे टायपिस्ट होते. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून नोकरी मिळाली, आणि तिथे फारसं बोलावं लागत नाही म्हणून ती मला आवडलीही. ऐंशीनंतरची ती वर्षं. आमच्याकडे पोलादाच्या मोठमोठ्या रिंगा कातल्या जात. रॉकेटची नळकांडी एकमेकांना जोडायला त्या लागत. ड्रॉइंगवर नुसता नंबर असे, आणि बाहेर कुणाशी बोलायचं नाही अशी सक्त ताकीद.

आबा रिंगा तपासायचे. रिंगेला लाल रंग फासायचा, थांबायचं, कोरडं पुसायचं आणि वर पांढरी पूड मारायची. कुठे केसाएवढी भेग असली तरी तिच्यात मुरलेला रंग वर येऊन लाल रेघ उमटे. रेघ नसेल तर आबा त्यांचा चार नंबरचा शिक्का ठोकत. त्याशिवाय पेटी फाटकाबाहेर जात नसे.

"एवढं कशासाठी?" मी एकदा हळूच विचारलं.

"ताई, घरी स्टोव्ह आहे ना? तो कमी-जास्त होतो, बंदही होतो. आपलं रॉकेट म्हणजे दिवाळीतला बाण. घट्ट इंधन, आधीच भरलेलं. एकदा पेटलं की त्याला थांब म्हणता येत नाही. आतला सगळा दाब नळकांड्यावर आणि आपल्या रिंगेवर."

"मग स्टोव्हच बरा की!"

"आणि शत्रू चालून आला तर त्याला सांगायचं का, जरा थांब, रॉकेल भरतो?" आबा विजयी चेहऱ्याने म्हणाले. "बाण वर्षभर भरून ठेवा, वेळ आली की लावा काडी. आणि उपग्रहाला जमिनीवरून उठताना जो दणका लागतो, तोही असाच बाण देतो. एकच विद्या, ताई. सीमेवरही तीच, आभाळातही तीच."

हे 'तीच' ते अशा थाटात म्हणत, जणू विद्या त्यांच्याच खिशात आहे.

मग एका सकाळी पेपरात बातमी आली: रॉकेट समुद्रात कोसळलं. आबांनी ती उभ्याने वाचली, आत गेले आणि मालकांच्या टेबलावर शिक्का ठेवला.

"घ्या. माझ्या हातून भेग सुटली."

"अहो आबा, शंभर ठिकाणचा माल असतो त्यात! आपली रिंग होती की नाही, तेही मला माहीत नाही."

"मग विचारा."

"असं कुणी विचारतं का?"

"पास करताना मला विचारता. नापास झाली का, ते मी विचारायचं नाही? हा काय न्याय शे?" आबा मूळचे सटाण्याचे. एरवी शहरी बोलत, पण चिडले की त्यांच्या 'आहे'चं 'शे' होई.

शिक्का टेबलावर पडून राहिला. रिंगांच्या पेट्या फाटकाशी साचल्या. मालकांनी दुसऱ्या कुणाला तपासायला सांगितलं, तर आबांच्या शिक्क्याला हात लावायला कुणी धजेना. शेवटी मालक मला म्हणाले, "लिहा बाई रॉकेटवाल्यांना एक पत्र."

मी छान पत्र लिहिलं. आम्ही अत्यंत आभारी राहू, आपल्या सोयीनुसार कळवावं, वगैरे. आबांना मराठीत वाचून दाखवलं.

"यात प्रश्न कुठे आहे?"

खरंच नव्हता. मी कागद फाडला आणि दुसऱ्यावर एवढंच टाइप केलं: चार नंबरच्या शिक्क्याची रिंग तुटली का?

"हां. आता झालं इंग्रजी," आबा म्हणाले.

उत्तराला महिना लागला. तेवढे दिवस आबा खुर्चीत नुसते बसून असत. चहा येईल त्या कपातून पीत. तेच आम्हाला बघवत नव्हतं.

पत्र तीन ओळींचं होतं. मी सगळ्यांसमोर वाचलं. तुमच्या रिंगा त्या रॉकेटमध्ये होत्या. त्यांनी शेवटपर्यंत दाब सोसला. दोष दुसरीकडे होता, माल पाठवत राहा.

"पुन्हा वाच," आबा म्हणाले.

आबांनी टेबलावरचा शिक्का परत घेतला. लोक पांगल्यावर मी म्हटलं, "आबा, एक प्रत टाइप करून देऊ? रविवारी गावी जाताय, मावशींना दाखवा."

ते दचकले. "छे, छे! बाहेर बोलायचं नाही ना. बायकोला वाटतं, मी विहिरीवरच्या पंपांचे भाग तपासतो. बारा वर्षं झाली." मग ओशाळून हसले. "गावचे लोक बिघडलेले पंप आणून देतात. दुरुस्त करायला शिकावं लागलं."

सोमवारी मी न राहवून विचारलं, "घरी काही बोललात?"

"बोललो की. म्हटलं, आपला पंप लय उंच पाणी चढवतो, असं मोठ्या साहेबांचं पत्र आलंय."

"मग?"

"म्हणाली, तर मग एक आपल्याही विहिरीवर बसवा."

आबा हसले, मीही हसले. नवी रिंग समोर आली होती. पण लाल रंगाच्या डब्याचं झाकण उघडण्याआधी ते म्हणाले, "ताई, ते पत्र एकदा वाच. तिला काही वाचून दाखवता आलं नाही."