धारराव हवेत गेले व लाडूबाई शिंकल्या, त्याची बखर

श्री. वाऱ्यास नमस्कार, कड्यास नमस्कार, आणि कड्याखालील गवतास विशेष नमस्कार. शके सोळाशे एकोणपन्नास, संवत्सराचे नाव लिहिणाऱ्यास स्मरत नाही, परंतु त्या साली फणस फार लागले होते, ते समयी एका राज्यात महाराज सुखे राज्य करीत असता जासूद बातमी घेऊन आला की शेजारील राज्यात एक मनुष्य बुरुजावरून उडाला. महाराजांनी पुसिले, "मेला की वाचला?" जासूद बोलिला, "महाराज, ते पाहावयास थांबलो नाही." महाराज बोलिले, "मग आपल्याकडे कोणी का उडत नाही?" मग महाराजांस तीन दिवस अन्न गोड लागेना, आणि चौथे दिवशी हुकूम जाहला की राज्याच्या थोर कड्यावरून कोणी तरी उडावेच.

प्रथम परसोजी म्हणोन शूर सरदार होते, त्यांनी दोन्ही हातांस दोन सुपे बांधोन उडी घातली, आणि ते डोक्याकडून गवताच्या गंजीत कमरेपर्यंत शिरले, आणि सरकारातून शेला आला तो त्यांच्या पायांस बांधण्यात आला, कारण वर दिसत होते तेवढेच. मग बाळोबा कारभारी यांनी सरकारी अबदागीर, म्हणजे महाराजांवर धरावयाची मोठी छत्री, हाती घेतली आणि उडाले, ती तत्काळ उलटी जाहली, आणि कारभारी चिंचेच्या झाडी तीन प्रहर लोंबत राहिले. त्यांचे पुढील दात गेले. त्यांस 'हवाबहाद्दर' किताब मिळाला, तो त्यांस दातांवाचून म्हणता येईना.

तिसरे धारराव. धारराव फरासखान्यात होते, म्हणजे सरकारी तंबू शिवणे आणि ठोकणे हे त्यांचे काम. एके दिवशी वावटळीने तंबू उचलिला, आणि त्याच्या दोरीस धरून धाररावही दोन हात वर गेले, आणि तेव्हापासून त्यांचे चित्त जमिनीवर लागेना. मग त्यांनी तंबूच्या कापडाचा अंगरखा बेतला, हातांपासून कमरेपर्यंत कापड, पायांमध्ये कापड, ऐसे वटवाघळासारखे सोंग, आणि सुई घेऊन ओसरीवर बसले. त्यांची स्त्री लाडूबाई. त्यांची कन्या ठकू दहा महिन्यांची, रांगती, आणि जिथे म्हणून काठ असेल तिकडे नाक करून निघावे ऐसा तिचा स्वभाव, आणि घर तर कड्यालगत. म्हणोन लाडूबाईंनी ठकूच्या कमरेस नाडी बांधोन दुसरे टोक आपल्या कमरेस बांधिले होते, आणि एक डोळा चुलीवर, एक ठकूवर, आता धाररावांकरिता तिसरा आणावा कोठून?

लाडूबाई बोलिल्या, "अहो, आधी भोपळ्यास घालून पाहावे." मग भोपळ्यास अंगरखा घालोन ओट्यावरून सोडिला, तो फुटला. धारराव बोलिले, "तो भोपळा होता. मी मनुष्य आहे." लाडूबाई बोलिल्या, "फुटल्यावर फरक तो काय दिसणार? मी एकटी ठकूस कशी वाढवू, ते सांगून मग उडावे." धारराव हळू बोलिले, "महाराजांपुढे विडा उचलिला आहे. आता नाही म्हणता येत नाही." तेव्हा लाडूबाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्या हातची सुई घेतली, म्हणाल्या, "टाके किती लांब घातले आहेत! तंबू आहे का हा?" आणि सगळा अंगरखा उसवोन नव्याने दुहेरी शिवला. पायांमधील कापड उणे पडले, तेथे ठकूचे दुपटे लाविले. त्या दुपट्याच्या मधोमध ठकूने केलेला एक पिवळा डाग होता, तो सात धुण्यांत गेला नव्हता.

विसंभट जोशी यांनी मुहूर्त काढिला, सूर्योदयाचा. तो लाडूबाईंस मानवेना. कारण ऐसे, की दहा महिने त्या कड्याच्या काठी दोरीवर दुपटी वाळत घालीत होत्या, आणि सकाळी दुपटी दरीकडे ताणली जात, आणि दोन प्रहर टळले म्हणजे तीच दुपटी उलटी घराकडे फडफडत. सकाळी सुटलेले दुपटे धोंड्यासारखे खाली गेले, ते मिळाले नाही. दुपारी सुटलेले कड्यावर तरंगत राहिले आणि फिरोन तुळशीवर येऊन बसले. म्हणोन लाडूबाईंच्या सांगण्यावरून धारराव दरबारी गेले आणि विनंती केली की उडणे दुपारी व्हावे, दुपटी ऐसे सांगतात. दरबार पोट धरधरून हसला. विसंभट बोलिले, "राज्याची मोहीम आता बाळाच्या दुपट्यांवर चालवायची काय?" आणि हवाबहाद्दर काही बोलिले, ते कोणास समजले नाही.

मग नेमिल्या दिवशी सूर्य वर येताच महाराज, हत्ती, वाजंत्री, सर्व कड्यावर आले आणि धारराव अंगरखा लेवोन काठावर उभे राहिले. मागे लाडूबाई, कडेवर ठकू, आणि बाजूस त्यांच्या सासूबाई कोंडाबाई, ज्यांची तपकिरीची डबी चाळीस वर्षे कमरेची सुटली नव्हती. लाडूबाई हळूच बोलिल्या, "आत्याबाई, चिमूटभर तपकीर द्या." कोंडाबाई बोलिल्या, "अगं, तू आणि तपकीर? वेळ काय, काळ काय!" लाडूबाई बोलिल्या, "वेळेकरिताच मागते आहे." विसंभट 'सावधान' म्हणतात तोच लाडूबाई शिंकल्या.

आता त्या राज्याचा नेम ऐसा, की निघते वेळी शिंक जाहली तर निघणाराने एक घटका बसावे. धारराव बसले. महाराजांनी पुसिले, "मुहूर्त टळला काय?" विसंभटास दक्षिणा मिळावयाची होती, ते बोलिले, "नाही महाराज, माणूस बसला म्हणजे मुहूर्तही बसतो." ते शब्द लाडूबाईंनी पदरास गाठ मारून ठेविले. घटका भरली, धारराव उठले, लाडूबाई शिंकल्या, धारराव बसले. सूर्योदयापासून दोन प्रहरापर्यंत पंधरा घटका, म्हणोन पंधरा शिंका पाहिजेत, ऐसा हिशेब मनात धरोन त्या शिंकत राहिल्या. वाजंत्रीवाले निजले. महाराज बोलिले, "बाईंस सर्दी दिसते." लाडूबाई बोलिल्या, "होय महाराज, काठावरचा वारा." नऊ शिंका जाहल्या आणि नाक रुसले. दहावी येईना. "आत्याबाई, आता तुम्ही." कोंडाबाईंनी तीन चिमटी ओढिल्या आणि शांत बसल्या, चाळीस वर्षांत त्यांस शिंक ठाऊक नव्हती. धारराव उठले. विसंभटांनी हात वर केला. लाडूबाईंनी दोरीवरील दुपट्याकडे पाहिले, ते अजून दरीकडे ताणलेले, आणि वारा त्यांच्या पाठीकडून थेट दरबारावर जात होता. मग त्यांनी ठकूस घट्ट धरिले, तिचे तोंड पदरात झाकिले, आणि डबी उघडोन वाऱ्यावर उपडी केली.

सरदार शिंकले, हत्ती शिंकला, विसंभट 'सा' म्हणोन शिंकले, हवाबहाद्दर शिंकले ते स्पष्ट समजले, आणि शेवटी महाराज शिंकले ते पागोटे दोन हात पुढे गेले. आता राजाच्या शिंकेस घटका किती? विसंभटांनी नाक पुसले, सूर्य पाहिला, आपले पोट पाहिले, आणि बोलिले, "महाराजांची शिंक साधी धरता येत नाही. सहा घटका. तोवर भोजन व्हावे." आणि कोंडाबाई रिकामी डबी पाहोन बोलिल्या, "सूनबाई, नवरा वाचला तर डबी तो भरून देईल. न वाचला तर तू."

भोजने जाहली, आणि दोरीवरील दुपटे एकाएकी फिरले आणि घराकडे फडफडो लागले. लाडूबाई बोलिल्या, "आता जावे." धाररावांनी ठकूच्या डोईवर हात ठेविला आणि उडी घातली.

आणि ते पडले नाहीत. वाऱ्याने त्यांस वर उचलिले, आणि धारराव काठाच्या वर एक पुरुष उंच, महाराजांच्या समोर, अधांतरी उभे राहिले. आणि तेथेच घात होता, कारण महाराज समोर आणि धारराव जन्माचे सरकारी चाकर. त्यांनी उजव्या हाताने मुजरा केला. एक पंख मिटला, धारराव गरकन फिरले. फिरोन पुन्हा महाराज समोर आले, म्हणोन दुसरा मुजरा केला, पुन्हा फिरले आणि दोन हात खाली आले. नेम तीन मुजऱ्यांचा. लाडूबाई ओरडल्या, "अहो, हात खाली! मुजरा नको!" धारराव वरून ओरडले, "महाराज आहेत ना समोर!" तेव्हा लाडूबाई ठकूसहित महाराजांपुढे गेल्या आणि बोलिल्या, "महाराज, यांस सांगावे, नाही तर हे रीतीने मरतील." महाराज उभे राहिले आणि गर्जले, "हवेत मुजरा माफ!" धाररावांनी दोन्ही हात पसरिले, आणि सुखे तरंगत दरी ओलांडोन म्हशींच्या डबक्यात उतरले. एक म्हैस आठ दिवस आटली. दुसरे नुकसान नाही.

महाराजांस त्या उडत्या दुपट्याचे ऐसे वेड लागले की तेच राज्याचे निशाण केले. पुढे विद्वानांनी मधल्या पिवळ्या गोलास उगवता सूर्य म्हणितले आणि त्यावर पोथी लिहिली. लाडूबाई ती पोथी ऐकावयास गेल्या होत्या, प्रसाद घेतला आणि घरी आल्या.

दोन वर्षांनी ठकू ओट्याच्या काठावर उभी राहिली आणि दोन्ही हात पसरिले. लाडूबाई चुलीपाशी होत्या, नाडी कधीच तोकडी पडली होती. धावोन पोहोचणे नव्हते. त्या तेथूनच शिंकल्या. ठकू नेम जाणत होती. मुकाट्याने खाली बसली.

इतके जाहले ते लिहिले. परसोजी गवतात गेले, बाळोबा चिंचेत गेले, धारराव घरी आले. डबी भरून दिली.