अकरापानी क्रियापद

निवृत्त हेडक्लार्क श्रीकृष्णराव वणीत लोकांना इंग्रजी अर्ज लिहून देत, आणि त्यांचा एकही अर्ज 'बिसीच' (beseech, म्हणजे कळकळून विनवणे) या जुनाट क्रियापदावाचून घराबाहेर पडत नसे. नुसती विनंती काय, कोणीही करतो, असे त्यांचे मत होते.

उकंडाचे गाऱ्हाणे साधेच होते. भाव पडला तसे कापूस खरेदी केंद्र बंद झाले. त्याच्या दोन्ही खोल्या कापसाने आढ्यापर्यंत भरल्या होत्या आणि माणसे अंगणात अंग खाजवत राहत होती. आठ दिवसांवर मुलीची, पायलची, हळद.

"काका, मराठीतच लिहा ना जी. कापूस घ्या, घर मोकळं करा. बस."

"मराठी अर्ज खाली राहतो, उकंडा. इंग्रजी वर जातो."

अर्ज खरोखरच वर गेला. अर्थ कळल्याशिवाय सही न करणाऱ्या केंद्राच्या नव्या साहेबांनी समासात शेरा मारला : 'सदर क्रियापदाचा उगम व प्रयोग याबाबत तज्ज्ञांचा अभिप्राय घ्यावा.' तिसऱ्या दिवशी बाबूसिंग शिपायाने तो कागद गावातल्या एकमेव तज्ज्ञाकडे आणून दिला, म्हणजे श्रीकृष्णरावांकडेच.

उभ्या नोकरीत त्यांचा अभिप्राय कोणी मागितला नव्हता. त्यांनी कोऱ्या कागदांची थप्पी पुढे ओढली.

"दोन ओळी खरडून द्या ना," बाबूसिंग म्हणाला.

"अरे, उगम विचारलाय! तो काय दोन ओळींत मावतो?"

पत्नी रत्नप्रभाबाईंनी रोज आठवण करून दिली, "अहो, तिकडे त्या पोरीचं लगन आहे."

"प्रयोगाचा भाग राहिलाय."

तीन दिवसांत अकरा पाने झाली. 'शोधणे' या अर्थाच्या जुन्या शब्दापासून हे क्रियापद कसे आले, समोरच्याचा पिच्छा न सोडता मागणे हा त्याचा भाव कसा, राजांपुढे ते कसे वापरीत, सारे सप्रमाण. इस्त्रीचा सदरा घालून ते केंद्रावर पोचले, तर फाटक सताड उघडे! उकंडाची कापसाने भरलेली शेवटची बैलबंडी रिकामी होत होती.

आत साहेब कोपर खाजवत होते. टेबलासमोर उकंडाची बायको तुळसाबाई कापसाचे गाठोडे सोडून बसली होती.

"कालपासून बसून राह्यली," बाबूसिंग कुजबुजला. "'घ्या जी साहेब,' एवढंच म्हणते. पंखा लावला का कापूस उडते, बंद केला का घाम. आखरी बंडी खाली झाल्याबिगर उठत नाही म्हणते."

श्रीकृष्णरावांनी फाईल पुढे केली. "साहेब, अभिप्राय."

"उगम ठेवून जा," साहेब मान खाजवत म्हणाले. "प्रयोग पाहिला."

तुळसाबाई लुगडे झटकत उठली. "तुमच्या अर्जानंच झालं जी, काका," ती मनापासून म्हणाली. "परवा हळदीले या."

घरी येऊन श्रीकृष्णरावांनी कच्ची प्रत काढली. राजांची दोन उदाहरणे खोडली आणि तिथे तुळसाबाईचे एक घातले.