टेबलावरचं शेवाळ

"माझं नाव ऐकलं की गुन्हेगार अर्धा गुन्हा तिथेच कबूल करतो," असं खाजगी गुप्तहेर असलेले दाजी सगळ्यांना सांगत. उरलेल्या अर्ध्याचं काय होतं, हे कुणी विचारत नसे. दाजींच्या हाती आजवर एकही गुन्हेगार लागला नव्हता, हे त्यांच्या मेहुण्याला पक्कं ठाऊक होतं. पण बहीण त्यांना दिलेली, म्हणून बिचारा त्यांची बॅग धरून मागे फिरायचा.

या वेळची केस होती हॉटेलातल्या नव्या रेस्टॉरंटची. सगळा थाट रानाचा. भिंतींवर झाडांच्या साली, ताटात आसपासच्या रानातलं खाणं आणि प्रत्येक टेबलावर लाकडी तबकात शोभेचं हिरवंगार शेवाळ. ते शेवाळ रोज गायब होत होतं. त्यात भर म्हणजे आचाऱ्याचा खास पदार्थ, राखेत भाजलेला कंद, जसाच्या तसा परत येत होता.

मालकीणबाई वैतागल्या होत्या. "खायचं ते परत येतंय, शोभेचं ते चोरीला जातंय. आज छडा लागला नाही, तर उद्यापासून हा आचारी बंद आणि हे रानही बंद."

आचारी दारात उभा राहून एप्रनला हात पुसत होता. हात केव्हाचे कोरडे होते. मेहुण्याला त्याची फार दया आली.

दाजींनी आधी माळ्याला धरलं. तो सुट्टीवर होता. मग एका आजींच्या पिशवीतून हिरवा ऐवज जप्त केला. तो नातवाचा अर्धा विणलेला स्वेटर निघाला. शेवटी संशय आला लॉबीतल्या टाकीतल्या कासवावर.

"मुद्दाम हळू चालतंय," दाजी कुजबुजले. "कुणाला शंका येऊ नये म्हणून."

संध्याकाळी दाजी, ताई आणि मेहुणा गिऱ्हाईक बनून टेबलावर बसले. वेटर वाकून म्हणाला, "समोर आहे ते सगळं आपल्या रानातलं. सॉसबरोबर छान लागतं." दाजी कासवावर नजर रोखून जेवू लागले.

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. "ताई, काय खातेस?"

"हा पाला. कचकच लागते जरा, पण सॉस चांगलाय."

"अगं, ती सजावट आहे."

"मग जेवण कुठंय? ताटात तर नुसता धोंडा ठेवलाय."

मेहुण्याने आजूबाजूला पाहिलं. प्रत्येक टेबलावर तेच चाललं होतं. धोंडे बाजूला सारलेले आणि माणसं मन लावून शेवाळ चघळत होती. त्याने चमच्याने ताईच्या ताटातला धोंडा फोडला. राखेचं टणक कवच तडकलं, आतल्या कंदाची वाफ आली, आणि असा काही वास सुटला की शेजारच्या टेबलांवरही चमचे ठोकल्याचे आवाज येऊ लागले. ताईने एक घास खाल्ला आणि मेहुण्याच्या ताटातलाही कंद स्वतःकडे ओढून घेतला.

आचारी दारातच स्टुलावर बसला आणि रडता रडता हसू लागला. मालकीणबाईंनी स्वतः त्याला पाणी आणून दिलं. "उद्यापासून फोडूनच वाढा," त्या म्हणाल्या. त्याची नोकरी वाचली होती.

"गुन्हेगार याच खोलीत आहे, हे मी ओळखलंच होतं," दाजी उठून उभे राहत म्हणाले.

ते मात्र खरं होतं. दाजींच्या केसमध्ये पहिल्यांदाच पुरा गुन्हेगार सापडला होता. त्यांच्यासमोरचं तबक चाटूनपुसून साफ होतं, आणि मिशीत शेवाळाची एक हिरवी काडी लोंबत होती.