रेडिओवरची पॉपी

क्लाइव्ह गावच्या रेडिओ केंद्रात पोचला तेव्हा अकरा वाजायला वीस मिनिटं होती आणि त्याच्या कोटावरची पॉपी वाटेत गळून पडली होती. युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी नोव्हेंबरात सगळं गाव हे लाल कागदी फूल कोटाला टोचून हिंडतं, आणि दरवर्षी निम्म्या गावाचं ते बसमध्येच पडतं.

क्लाइव्हचं लक्ष खिशातल्या कागदाकडे होतं. त्यावर गावातल्या सतरा जणांची नावं होती. शेवटचं त्याच्या आजीच्या भावाचं, हर्बर्टचं. पावाच्या भट्टीवरून उठून युद्धावर गेला तो एकोणिसाव्या वर्षी संपला. सात वर्षं अर्ज केल्यावर यंदा ही नावं अकरा वाजता पाळायच्या दोन मिनिटांच्या शांततेआधी वाचायची परवानगी मिळाली होती.

"पॉपी कुठंय?" केंद्रप्रमुख ऑड्रीबाईंनी दारातच अडवलं. त्यांची स्वतःची बशीएवढी होती.

"पडली वाटतं. पण बाई, हा रेडिओ आहे!"

"लोकांना आवाजावरून कळतं. फुलाशिवाय माइकसमोर बसायचं नाही!"

केंद्रातला पॉपींचा डबा रिकामा. कॅन्टीनवाली ग्लेडिस म्हणाली, "माझी दिली तर मला कोण आत घेईल?" शेवटी बाईंच्या कुत्र्याच्या, ड्यूकच्या, पट्ट्यावर एक दिसली. ड्यूकनं सॉसेजचे दोन तुकडे घेतल्यावर ती सोडली.

"थांबा! फुलाचं पान वाकडंय," बाई म्हणाल्या. "ते घड्याळातल्या अकराकडे हवं." त्यांनी ते फिरवलं, लांबून पाहिलं, पुन्हा फिरवलं.

क्लाइव्ह माइकसमोर बसला. "आज आपण आठवण करतोय ती—"

अकराचे ठोके पडले. शांतता सुरू झाली. दोन मिनिटं क्लाइव्ह कागदाकडे बघत बसला. छातीला पॉपीची टाचणी टोचत होती. मग बँड वाजला आणि बागेतल्या खुर्च्यांची जाहिरात लागली.

"एकही तक्रार नाही!" बाई खूश होत्या. "एकीनं तर कळवलं, पॉपी अगदी जाणवत होती!"

तेवढ्यात क्लाइव्हच्या टेबलावरचा फोन वाजला. कुणी म्हातारी होती.

"अरे बाळा, सकाळपासून सांगत होतात नावं वाचणार म्हणून. मी खुर्ची ओढून बसले होते. वाचली का नाहीस?"

क्लाइव्हनं कागद उलगडला. "आजी, आता ऐकता?"

त्यानं एकेक नाव सावकाश वाचलं. सतरावं वाचून थांबला.

"हर्बर्ट," पलीकडून आवाज आला. "माझी आई म्हणायची, त्याच्यासारखा पाव पुन्हा कुणी भाजला नाही."

टेबलाखाली ड्यूक खाली पडलेली पॉपी चावत होता. क्लाइव्हच्या ते लक्षातही आलं नाही.